ढोलकलच्या बिंगहॅमसाहेबांस

प्रति,
सन्माननीय ट्रेक लीडर,
‘छत्तीसगडचे माचू पिचू : चार दिवसांचा मार्गदर्शित पर्वतीय ट्रेक’,
रायपूर



‘मार्गदर्शित ट्रेक’ हा शब्दप्रयोग मराठीत अलीकडचा असला, तरी ज्या गरजेतून तो आला ती जुनी आहे. सह्याद्रीच्या घाटवाटांवर परक्याला रान पार करून देणाऱ्या गावकऱ्याला वाटाड्या म्हणतात. वाट त्याच्या पायाखालची असते, बोलणे बेताचे असते, आणि पलीकडचे गाव दिसू लागले की त्याचे काम संपते. आपल्या व्यवसायाने या एका माणसाची दोन माणसे केली आहेत. ज्याला वाट ठाऊक आहे तो पाण्याचा 20 लिटरचा जार खांद्यावर घेऊन पुढे चालतो, आणि ज्याला मार्गदर्शक म्हणतात तो त्याच्या टाचांवर नजर ठेवून मागून येतो व वाटेचे महत्त्व सांगतो. गेल्या हिवाळ्यात रायपूरहून ढोलकलला गेलेल्या 23 जणांच्या मराठी गटाला या श्रमविभागणीचे जे दर्शन घडले, त्याबद्दल आपला जाहीर सत्कार व्हावा एवढ्याच हेतूने हे पत्र लिहिले जात आहे.

ज्या वाचकांनी आपले माहितीपत्रक पाहिलेले नाही त्यांच्यासाठी स्थळाचा परिचय आवश्यक ठरतो. ढोलकल हे दंतेवाडा जिल्ह्यातील बैलाडिला डोंगररांगेतले, सुमारे 3000 फूट उंचीवरचे एक उघडे शिखर आहे. बैलाडिला म्हणजे बैलाचे वशिंड, आणि लांबून पाहणाऱ्याला हे नाव समजावून सांगावे लागत नाही. शिखराच्या टोकावर, जेथे दहा माणसे एकदम उभी राहिली तर अकराव्याने देवाचे नाव घ्यावे, तेथे सुमारे 3 फूट उंचीची गणेशमूर्ती उघड्यावर बसलेली आहे. ती चतुर्भुज असून तिच्या एका हातात परशू, एकात तुटलेला दात व एकात मोदक आहे आणि पोटाला सर्पाचा वेढा आहे; बारसूर ही ज्यांची राजधानी होती त्या छिंदक नागवंशी राजांच्या काळातली, म्हणजे साधारणपणे दहाव्या-अकराव्या शतकातली, ती मानली जाते. परशुरामाशी झालेल्या युद्धात गणपतीचा दात येथेच तुटला आणि त्या परशूवरून, म्हणजे फरशावरून, पायथ्याच्या गावाला फरसपाल हे नाव पडले, अशी कथा आहे.

माचू पिचू हे पेरू देशातील इंका राजवटीचे, पंधराव्या शतकाच्या मध्यावर वसलेले अख्खे नगर आहे. त्यात पायऱ्यापायऱ्यांची शेते, पाण्याचे पाट, मंदिरे आणि राहती घरे आहेत. एकीकडे नगर आणि दुसरीकडे एकटी मूर्ती असताना दोहोंत साम्य शोधण्यासाठी जी प्रतिभा लागते ती आपल्याकडे आहे, परंतु तिचे सगळे श्रेय आपल्याला देता येत नाही. इंद्रावतीवरील चित्रकोट धबधबा हा ‘भारताचा नायगारा’, मैनपाट हे ‘छत्तीसगडचे शिमला’ आणि चैतुरगडचा किल्ला हा ‘छत्तीसगडचे काश्मीर’ म्हणून आधीच प्रसिद्ध असल्याने, स्वतःच्या नावाने उभे राहिलेले एखादे स्थळ या राज्यात उरू नये ही काळजी आपल्या आधीही पुष्कळांनी वाहिली आहे.

चार दिवसांबद्दल थोडक्यात. पेरूतील प्रसिद्ध इंका वाट चार दिवसांत सुमारे 42 किलोमीटर चालावी लागते आणि तिचा सर्वांत उंच घाट 4215 मीटरवर आहे. आपल्या चार दिवसांपैकी पहिला रायपूरच्या भाठागाव बसस्थानकापासून केशकाल घाटाच्या बारा वळणांपर्यंत आणि तेथून पुढे जगदलपूरपर्यंत बसण्यात गेला, दुसरा चित्रकोट व बारसूर येथे उतरण्या-चढण्यात गेला, चौथा परतीच्या बसमध्ये गेला, आणि पाय वापरण्याची वेळ आली ती तिसऱ्या दिवशी, सकाळच्या काही तासांपुरती. ‘पर्वतीय’ या विशेषणाला सर्वाधिक जागलेला अवयव कंबर हा होय. पोहे गार होते. ध्वनिक्षेपकावरची गाणी सालवनातल्या पाखरांनी ऐकून घेतली. प्रमाणपत्रावर ‘ढोलकल शिखर विजय’ असे छापले होते आणि ‘शिखर’ या तीन अक्षरी शब्दात दोन चुका होत्या. या तक्रारी येथे केवळ नोंदीसाठी दिल्या असून त्यांचे उत्तर अपेक्षित नाही.

उत्तर अपेक्षित आहे ते शिखरावरच्या व्याख्यानाचे. त्या व्याख्यानात आपण दोन विधाने केली. पहिले असे की हे स्थळ शतकानुशतके हरवलेले होते आणि 2012 च्या सुमारास त्याचा शोध लागला. दुसरे असे की एवढी जड मूर्ती या टोकावर कोणी आणि कशी नेली, हे विज्ञानालाही न उलगडलेले गूढ आहे. त्यानंतर समूहछायाचित्रासाठी सर्वांना मूर्तीमागे उभे करताना, फरसपालपासून गटाच्या पुढे चाललेले आणि पाण्याचा जार उतरवून मूर्तीजवळ हात जोडून उभे असलेले पन्नाशीचे गृहस्थ चौकटीत येत आहेत हे आपल्या ध्यानात आले, आणि आपण त्यांना म्हणालात, “काका, ज़रा फ्रेम के बाहर.” ते बाहर झाले. शिखराची जागा लक्षात घेता ‘बाहर’ म्हणजे कड्याकडच्या उतारावर एक पायरी खाली, हे तपशिलासाठी नमूद करावे लागते.

या प्रसंगाचे शास्त्रीय मोल मोठे आहे, कारण माचू पिचूशी ढोलकलचे खरे साम्य आपण नकळत तेथेच सिद्ध केले. अमेरिकन प्राध्यापक हायरम बिंगहॅम 24 जुलै 1911 रोजी माचू पिचूला पोहोचला तेव्हा त्याला वर नेणारा मेल्चोर आर्तेआगा हा त्याच भागातला शेतकरी होता व त्याची मजुरी एक सोल, म्हणजे तिकडचे एक चांदीचे नाणे, एवढी ठरली होती. त्या ‘हरवलेल्या’ नगराच्या पायऱ्यांवर शेतकरी कुटुंबे पीक काढत होती, त्यांनी पाहुण्याला पाणी आणि उकडलेली रताळी दिली, आणि भग्नावशेषांपर्यंतचे शेवटचे अंतर एका लहान मुलाने त्याला चालवून नेले. एवढेच नव्हे, तर तेथील भिंतीवर लिझारागा नावाच्या स्थानिक माणसाने 1902 साली कोळशाने लिहून ठेवलेले आपले नाव बिंगहॅमने स्वतः वहीत टिपले होते. पुढे पुस्तके निघाली, व्याख्याने झाली, आणि शोध लावणारा म्हणून एकच नाव राहिले. हरवलेले म्हणजे ज्यांना ते सापडलेले होते त्यांना वगळून मोजलेले, अशी या शब्दाची व्याख्या त्यातून करता येते. ढोलकलची छायाचित्रे 2012 च्या सुमारास सर्वदूर पोहोचली हे खरे. परंतु ज्या गावाच्या नावातच त्या डोंगरावरच्या तुटलेल्या दाताची कथा आहे, त्या गावाला ती मूर्ती सापडायची राहिली होती, असे म्हणण्यासाठी फार लांबून यावे लागते.

गूढाचेही तसेच आहे. मूर्ती एक तर वरच्याच दगडातून घडवली असेल किंवा खालून उचलून नेली असेल, आणि दोन्ही पर्यायांत छिन्नी, दोर, खांदे व भात-पेज खाऊन चढणारी माणसे यांखेरीज काही लागत नाही. गूढ हा शब्द श्रम मोजायचे नसले की फार उपयोगी पडतो. आणि येथे तर उत्तर शोधायला अकराव्या शतकात जाण्याचेही कारण नव्हते. जानेवारी 2017 मध्ये ही मूर्ती शिखरावरून खाली दरीत ढकललेली आढळली. तिचे तुकडे झाले होते. ते तुकडे त्या रानातून, त्या उतारांवरून वेचून काढले गेले, जुळवले गेले, आणि मूर्ती पुन्हा त्याच टोकावर बसवली गेली. आज ज्या गणपतीसमोर आपण गूढाची भाषा करता त्याच्या अंगावरचे सांधे डोळ्यांना दिसतात. वर काय काय कसे नेता येते याचा जिवंत पुरावा जार घेऊन आपल्या पुढे चालत होता, आणि त्याला आपण फ्रेमच्या बाहेर काढलेत! येथे उपरोधाचा सूर सांभाळणे पत्रकर्त्याला शक्य झालेले नाही. ज्या माणसाच्या पावलांवर पाऊल ठेवून 23 जण जिवंत वर आले, त्याला कड्याकडे सरकवून घेतलेले छायाचित्र निर्लज्ज आहे, आणि ते 23 घरांत आज आवडीने पाहिले जाते.

वीस लिटर पाणी म्हणजे 20 किलो. योगायोग असा की इंका वाटेवर सामान वाहणाऱ्या, बहुतांशी केचुआभाषक, हमालांसाठी पेरूने 2001 साली जो कायदा केला त्यात एका माणसावरच्या ओझ्याची कमाल मर्यादा 20 किलोच होती. त्या वाटेवर दिवसाला सुमारे 500 माणसांनाच सोडतात आणि त्यांत निम्म्याहून अधिक हमाल, आचारी व वाटाडे असतात, म्हणजे तेथील सरकारला निदान ती माणसे मोजावी लागतात. फरसपालच्या काकांच्या दुसऱ्या खांद्यावर ध्वनिक्षेपक होता, तो या हिशेबात धरलेला नाही. आपल्या माहितीपत्रकात ‘समाविष्ट’ या शीर्षकाखाली बस, तंबू, स्लीपिंग बॅग, शाकाहारी जेवण, प्रमाणपत्र आणि ‘तज्ज्ञ मार्गदर्शक’ आहेत. ‘समाविष्ट नाही’ या शीर्षकाखाली वैयक्तिक औषधे, शीतपेये आणि ‘स्थानिक वाटाड्याची बक्षिशी (ऐच्छिक)’ आहे.

या ऐच्छिकतेचा दोष एकट्या आपल्यावर टाकणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. परतीच्या बसमध्ये गटातील काही ज्येष्ठांनी, ज्यांची घराणी भोसल्यांच्या काळात रायपूरला आली व तात्यापारा-बुढापारा भागांत स्थिरावली, असे अभिमानाने सांगितले की मराठ्यांचा अंमल बस्तरपर्यंत होता. तो होता. 1778 च्या कोटपाडच्या तहाने बस्तरच्या राजाने नागपूरकर भोसल्यांचे मांडलिकत्व पत्करले आणि टकोली, म्हणजे मांडलिकाने दरसाल भरायची खंडणी, देण्याचे मान्य केले. ज्या डोंगराच्या एका टोकावर हा गणपती बसला आहे त्याच डोंगररांगेतून 1968 पासून लोहखनिज काढले जाते आणि किरंदुलहून रेल्वेने विशाखापट्टणमच्या बंदराकडे उतरते. बैलाडिलाच्या वाटेने खाली जाणाऱ्या वस्तूंची यादी अशी लांबत आली असून तिच्यात आता छायाचित्रांची भर पडली आहे. वर जाणाऱ्या वस्तूंत पाण्याचा जार आणि ध्वनिक्षेपक. तिसऱ्या दिवशी बक्षिशीसाठी टोपी फिरवली गेली तेव्हा 23 जणांपैकी कितींनी तीत हात घातला, हे आपल्यालाही ठाऊक आहे आणि पत्रकर्त्यालाही.

आपल्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की टोपीत जमले त्यात आपण स्वतःच्या पाकिटातून काही घालून ती रक्कम काकांच्या हाती दिली, आणि ते कोणी पाहू नये म्हणून बसच्या मागच्या बाजूला जाऊन दिली. शेवटच्या खडकावर ज्या महिलेचे पाय लटपटले तिच्या बुटाखाली आपण तळहात ठेवलात आणि त्यावर तिने पूर्ण भार दिला तरी हूं का चूं केले नाही. आपले व्याख्यान पाठ केलेले होते, आणि ज्यांनी ते लिहून दिले ते आयोजक रायपूरच्या कार्यालयात बसतात व डोंगर चढत नाहीत. केशकालच्या वळणांवर, बहुतेक गट झोपलेला असताना, आपण दारापाशी उभे राहून फोनवर त्यांना सांगत होतात की एक स्लीपिंग बॅग हरवली हे खरे, परंतु तिची किंमत चारही दिवसांच्या मेहनतान्यातून कापू नये. पलीकडून काय उत्तर आले ते “जी सर” एवढ्या दोन शब्दांवरून कळत होते. समूहछायाचित्रात आपणही नाही. ते आपणच काढले होते.

पुढची सहल निघण्यापूर्वी माहितीपत्रकातील ती एक ओळ ‘समाविष्ट नाही’ मधून ‘समाविष्ट’ मध्ये आणण्याचा अधिकार आपल्याला नसेल, तर ज्यांना आहे त्यांच्याकडे हे पत्र पोहोचते करावे. व्याख्यानातील ‘गूढ’ हा शब्द काढण्यासाठी मात्र कोणाची परवानगी लागू नये.

कळावे, लोभ असावा.

‘ढोलकल शिखर विजय’ प्रमाणपत्राच्या 23 धारकांपैकी एक,
तात्यापारा, रायपूर

ता. क. : हरवलेली स्लीपिंग बॅग सापडली आहे. ती तात्यापाऱ्यातील एका घरात, प्रवासाच्या पिशव्यांखाली, परतल्या दिवसापासून होती आणि घरातील सर्वांना ती तेथे असल्याचे ठाऊक होते. तिचा शोध कोणी लावला असे आयोजकांनी विचारल्यास आपले नाव सांगण्यास हरकत नाही. ती बुधवारी कार्यालयात पोहोचेल. कापलेली रक्कम परत मागून घ्यावी.