दरड कोसळली तर बरं

चाकांवरचं घर म्हणून हौसेने मोटारहोम घेतलं, विम्याची पॉलिसी वाचली आणि धन्य झालो. आग, वीज, चोरी, दंगल, संप, भूकंप, पूर, गारपीट, दरड, दहशतवादी हल्ला, सगळ्याची भरपाई! गाडी रेल्वेने, जलमार्गाने, विमानाने, अगदी लिफ्टमधून नेताना धक्का लागला तरीही. हे धूड कुठल्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावतं, ते मात्र छापलेलं नाही.

वगळलेल्या गोष्टींत मात्र नेमकी एक आहे, गाडी आपणहून बंद पडणं. यांत्रिक बिघाड, विजेचा बिघाड, झीज हे मालकाचं प्रारब्ध. रोडसाइड असिस्टन्सचा जादा हप्ता भरलात तर टो करून गॅरेजच्या दारापर्यंत पोचवतात. दाराच्या आतलं बिल तुमचं. इंजिन प्रोटेक्शन म्हणूनही एक प्रकरण आहे. पण त्यासाठी इंजिनात पाणी शिरावं लागतं, नाहीतर ऑइल गळावं लागतं. नुसतं म्हातारपण चालत नाही.

परवा कशेडी घाटात गिअरबॉक्स खरखरला आणि गाडी थांबली. बायको म्हणाली, “अहो, बॉनेट उघडा ना!” मी मोठ्या आशेने डोंगराकडे बघत होतो. एक दगड हलेल तर शपथ.