श्वानराजांची फर्मानबरदारी

बेंगळुरूच्या महापालिकेने 2018 साली सदनिकेत एकच कुत्रा पाळावा असे फर्मान काढले व गहजब होताच निमूटपणे मागे घेतले. परंतु व्हाइटफील्डच्या बाराव्या मजल्यावर ग्रेट डेनचे पिल्लू आणणाऱ्या गृहस्थांना तो एकच केवढा पुरून उरतो, हे अंमलदारांच्या ध्यानी आलेच नसावे. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या ज्या अल्पकाळात पिल्लाचा माणसांशी, वाहनांशी परिचय व्हावयाचा, तो यजमानांच्या व्हिडिओ-बैठकांत खर्ची पडतो. मग सहाव्या महिन्यात लिफ्टमध्ये शेजारणीच्या खांद्यावर पंजे टेकणाऱ्या त्या धिप्पाड बालकासाठी तासावर मानधन घेणारे गुरुजी येतात, आणि त्यांनी ‘सिट’ म्हणताच यजमानच आधी सोफ्यावर बसतात. घोरपड्यांच्या संस्थानात जोपासलेला मुधोळचा शिकारी कुत्रा मात्र, याच राज्याचा असूनही, या दिवाणखान्यांत उपराच. त्याला म्हणे इंग्रजी कळत नाही.