मास्तर, जरा बेसूर वाजवा!

निवेदकाला वाद्य नसतं. हा काही त्याचा गुन्हा नाही, पण शिक्षा मात्र जन्मभराची होते. ज्याच्याकडे वाद्य नाही त्याचे हात रिकामे, आणि रिकाम्या हातांत आधी तबल्याची पिशवी येते, मग स्पीकरची वायर, मग सगळ्यांची तिकिटं आणि शेवटी हिशेबाची वही. नाट्यगीतं-भावगीतं म्हणणाऱ्या आमच्या संचात आम्ही सहा जण. पेटीमास्तर, तबलजी, गाणाऱ्या ताई, कीबोर्डवाला पोरगा, झांजेपासून ऑक्टोपॅडपर्यंत जे जे आपटता येईल ते आपटणारा साइड-ऱ्हिदमवाला, आणि वहीवाला मी. मिरजेहून निघायचं, बेळगाव-हुबळी करत बेंगळुरू गाठायचं आणि शक्यतो सगळ्यांनी परत यायचं, असा बेत होता.

दौरा म्हटला की लोकांना रंगमंच दिसतो. प्रत्यक्षात दौऱ्यात कार्यक्रम फार थोडा असतो. तीन तास. बाकीचे एकवीस तास सहा माणसांनी करायचं काय? सभागृहाचं कुलूप चारच्या आत निघत नाही, लॉजवाला बारा वाजता खोली रिकामी करा म्हणतो, आणि मधल्या वेळात माणसाचे दोनच अवयव काम करतात. पोट हॉटेल शोधतं, पाय जुना बाजार शोधतात. शिवाय मध्यम आकाराच्या शहरांतली सभागृहं सगळी एका आईची लेकरं. तोच मेणचटलेला मखमली पडदा, तोच ‘येथे थुंकू नये’चा बोर्ड आणि त्याखाली तोच पुरावा. विंगेत उभं राहून हे कुठलं गाव, असं विचारलं तर सांगता येत नाही. सकाळी खाल्लेल्या चटणीवरून मात्र नक्की सांगता येतं.

दौऱ्याची ही परंपरा काही आम्ही सुरू केलेली नव्हे. 1842 साली कर्नाटकातली भागवत मंडळी आपला खेळ घेऊन सांगलीला आली. सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांनी तो पाहिला आणि विष्णुदास भाव्यांना सांगितलं, असं काहीतरी मराठीत करा. 5 नोव्हेंबर 1843ला ‘सीतास्वयंवर’ झालं आणि मराठी रंगभूमी उभी राहिली. म्हणजे आपल्या नाटकाचं मूळ एका दौऱ्यात आहे, आणि तो दौरा कर्नाटकातून आलेला आहे. पण त्या मंडळींनी सांगलीत काय खाल्लं, हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही. दौऱ्यावरची माणसं सांगलीहून भडंग न घेता परत गेली असतील, हे मला पटत नाही. भडंग तेव्हा होतं का, असं तबलजींनी विचारलं. असल्या शंका काढणाऱ्याची पिशवी मी त्या दिवसापुरती उचलत नाही. पुढे 1921च्या सुमारास गंधर्व नाटक मंडळी कर्जात बुडाली. अभ्यासक त्याची कारणं गालिच्यांत आणि अत्तरांत शोधतात. मी हिशेबनीस असल्यामुळे पंगतीत शोधतो.

आमच्या दौऱ्याचा पहिला भाग वहीत असा आहे : बेळगावला कुंदा घेतला, तो धारवाड येईपर्यंत संपला. धारवाडला पेढे घेतले, ते हुबळी येईपर्यंत संपले. धारवाड ते हुबळी अंतर वीस किलोमीटर आहे. 

पुढे दावणगेरे. दावणगेऱ्यात आमचा कार्यक्रम नव्हता. तिथे लोणी होतं. बेण्णे दोसे, म्हणजे लोण्यातला डोसा, तव्यावर नुसता हात फिरवल्यासारखं लोणी नाही, तर लोण्यात डोसा सापडला म्हणून वाढला, असा प्रकार. सोबत बटाट्याची फिकट भाजी आणि नारळाची पांढरी चटणी. तबलजी तीन-तीनच्या तिहाईने खात होते. तीन तिहाया झाल्यावर सम आली. मी वहीत ‘किरकोळ’ या सदराखाली नऊ डोसे लिहिले.

बेंगळुरूच्या मंडळाने आमची सोय यशवंतपुरात केली होती. नाव ऐकून सगळ्यांना बरं वाटलं. कऱ्हाडच्या आसपासचं एखादं गाव असावं असं ते नाव. कीबोर्डवाल्याला तर ते यशवंतराव चव्हाणांवरूनच पडलं असं वाटत होतं, आणि स्टेशनावर उतरेपर्यंत आम्ही कोणी त्याला सुधारलं नाही. रेल्वे इंग्रजीत या गावाचं स्पेलिंग एक लिहिते आणि शेजारची मेट्रो दुसरं, त्यामुळे तिथे उतरलेला माणूस नक्की कुठे उतरला हे दोन्ही खात्यांना विचारूनच ठरवावं लागतं. “लॉज स्टेशनसमोर आहे आणि सभागृह जवळच,” असं आयोजकांनी फोनवर सांगितलं होतं. बेंगळुरूत ‘जवळच’ हा शब्द अंतर दाखवत नाही, आशा दाखवतो. त्या जवळच्या सभागृहाला आम्हाला पावणेदोन तास लागले. सिग्नलला उभ्या टेम्पोत ताईंचा रियाझ झाला, मास्तरांची झोप झाली आणि माझं निवेदन पाठ झालं.

लॉजच्या गॅलरीतून कांद्याचा वास येत होता. यशवंतपूरचा बाजार समितीचा यार्ड म्हणजे कांदा-बटाट्याचं मोठं ठाणं, आणि तिथे महाराष्ट्रातूनही कांदा येतो. सकाळी ट्रकमधून आपल्याकडची पोती उतरताना पाहून ऊर भरून आला. पोती उतरवायला माणसं धावत होती, हात लावून, वास घेऊन कांदा पारखत होती, आणि मुख्य म्हणजे तिथल्या तिथे दर सांगत होती. आमचं स्वागत आदल्या संध्याकाळी झालं ते शाल आणि श्रीफळ देऊन. कार्यक्रम रंगला. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी दोनदा वन्समोअर दिला आणि मास्तरांच्या पेटीवर तर अख्खं सभागृह डोलत होतं. मग मी वही काढून आयोजकांकडे पाहिलं. ते म्हणाले, “मानधनाचं काय, बघू हो, घरचंच कार्य आहे.” महाराष्ट्रातून आलेल्या कांद्याला यशवंतपुरात दर असतो. महाराष्ट्रातून आलेल्या नाट्यगीताला नारळ असतो.

दुसरा दिवस रविवार. परतीची गाडी रात्रीची. चिकपेटेत रविवारी सकाळी रस्त्यावर जुना बाजार भरतो, ही माहिती कीबोर्डवाल्याने काढली. पोरगं या विषयात मुरलेलं आहे. तो याला ‘थ्रिफ्टिंग’ म्हणतो. हुबळीला त्याने कोपरावर कातड्याचं ठिगळ असलेला एक कोट घेतला आणि हा ‘विंटेज’ आहे असं आम्हाला सांगितलं. मास्तरांनी कोट उलटसुलट करून पाहिला. “आमच्या आईने असलाच कोट बोहारणीला दिला होता,” ते म्हणाले, “त्यावर एक स्टीलचा डबा आला होता.” आईने डबा घेऊन घराबाहेर काढलेला कोट मुलाने पैसे मोजून परत घरात आणायचा, याला प्रगती म्हणतात. 

यशवंतपूरहून मेट्रोची हिरवी लाइन थेट चिकपेटेला जाते. पुढचंच स्टेशन ‘सँडल सोप फॅक्टरी’. म्हैसूरच्या चंदनी साबणाचा हा कारखाना. त्याचं नाव ऐकताच ताईंनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. डब्यात साइड-ऱ्हिदमवाल्याचा कालचाच शर्ट होता. ताईंनी डोळे उघडले.

चिकपेटेचा बाजार पुण्याच्या जुन्या बाजाराचा सख्खा मावसभाऊ निघाला. फुटपाथवर चादर, चादरीवर जग. बंद पडलेली घड्याळं, डावा एकच बूट, काटा नसलेला वजनकाटा, कोणाच्या तरी लग्नाचा अल्बम, पितळी समई, चष्म्याच्या काड्या. आणि दोन मिक्सरच्या मधे धुळीने माखलेली एक पेटी. मास्तर थबकले. मी वही घट्ट धरली.

“किती?” तबलजींनी हिंदीत विचारलं. घासाघीस हा त्यांचा प्रांत.

“अडीच हज्जार.”

तबलजींनी खाकरून इतिहास काढला. 1638 साली विजापूरकरांनी बेंगळुरू जिंकलं आणि हे शहर शहाजीराजांना जहागीर मिळालं. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळाला त्यांच्या मुलाने, एकोजीराजांनी, 1669 साली गाव इनाम दिलं, त्याचा शिलालेख आहे. म्हणजे हिशेबाने पाहता आम्ही परके नव्हेत, आम्हाला घरचा भाव मिळाला पाहिजे. म्हातारा दुकानदार शांतपणे सगळं ऐकत होता. शेवटी म्हणाला, “दो हज्जार तीनसौ. राजासाब के दोसौ कम.” 

शहाजीराजांनी मृत्यूनंतर साडेतीनशे वर्षांनी आम्हाला दोनशे रुपये वाचवून दिले. इथेच पैसे देऊन निघायला हवं होतं. पण तेवढ्यात मास्तरांनी पेटीचं वरचं झाकण काढून आत डोकावलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “अरे देवा, जर्मन सूर आहेत!”

मास्तर बोलले मराठीत. पण ‘जर्मन’ हा शब्द सगळ्या भाषांत जर्मनच असतो. 

“तीन हज्जार,” दुकानदार म्हणाला.

तबलजींनी कपाळावर हात मारून घेतला तो चांगला दीड मात्रेचा. मग शेवटचा उपाय म्हणून त्यांनी जाहीर केलं की पेटी वाजतच नाही, भाता फाटलाय, वाजवून दाखवा. ही चाल चुकीची होती, कारण वाजवून दाखवायला मास्तर बसले. भात्यातून आधी धूळ निघाली, मग एक झुरळ निघालं, मग भीमपलास निघाला. काळी दोनच्या पट्टीत मास्तरांनी दोन-चार जागा अशा घेतल्या, की शेजारचा मिक्सरवाला गिऱ्हाईक सोडून आला. घोळका जमला. हे वाद्य बेसूर म्हणून आकाशवाणीने 1940 ते 1971 अशी एकतीस वर्षं त्याला दाराबाहेर उभं केलं होतं. चिकपेटेच्या फुटपाथवर मात्र त्याला कोणी हलू देईना.

तबलजी खाली वाकून मास्तरांच्या कानात म्हणाले, “मास्तर, भाव वाढतोय. जरा बेसूर वाजवा!”

मास्तरांनी खरोखर प्रयत्न केला. कपाळाला आठ्या घातल्या, चुकीच्या पट्टीवर बोट नेलं, पण बोट आपलं आपणच सरकून योग्य ठिकाणी आलं. “नाही जमत रे,” ते ओशाळून म्हणाले, “चाळीस वर्षांत सवय नाही.”

“कार्यक्रमात जमतं की अधूनमधून,” असं कीबोर्डवाला म्हणाला. तो वयाने लहान आहे, त्याचे दिवस अजून जायचे आहेत.

टाळ्या पडल्या. दुकानदाराने घोळक्याकडे पाहिलं, मास्तरांच्या बोटांकडे पाहिलं आणि मान डोलावली. “चार हज्जार,” तो म्हणाला. “आत्ताच तर तीन होते!” तबलजी ओरडले. म्हातारा अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला, “तब मालूम नहीं था इतना अच्छा बजता है.”

चार हजार मोजताना माझा हात थरथरत होता. त्यात परतीच्या जेवणाचे, हमालाचे आणि कुंद्याच्या दुसऱ्या खेपेचे पैसे होते. मास्तर मिरजेला गेल्यावर देतो म्हणाले. म्हाताऱ्याने पेटी जुन्या चादरीत बांधून दिली, सुतळीची गाठ मारली आणि मग कन्नडमध्ये विचारलं, “तिंडी आयता?” म्हणजे नाश्ता झाला का. कानडी मुलखात हा नमस्काराचाच एक प्रकार आहे. नाही म्हटल्यावर त्याने हातवारे करून मल्लेश्वरमचा रस्ता दाखवला. पैसे घेऊन झाल्यावर आम्ही जेवलो की नाही याची चौकशी करणारा तो त्या दौऱ्यातला पहिला माणूस.

मल्लेश्वरमच्या मार्गोसा रोडवर वीणा स्टोअर्स आहे. स्टोअर्स नावालाच. इडली घ्यायची आणि फुटपाथवर उभं राहून खायची. बेंगळुरूत उभ्याने खायची पद्धत इतकी रुजली आहे, की तसल्या हॉटेलांना ‘दर्शिनी’ असं नावच आहे. 1983 साली जयनगरात पहिली निघाली. नाव अचूक आहे, दर्शन उभ्यानेच घ्यायचं असतं. आम्ही पेटी मधे ठेवून भोवती गोल उभे राहिलो. इडली इतकी हलकी, की चमचा लावण्याआधी तिची परवानगी घ्यावी असं वाटलं. चटणी संपली की पुन्हा घालत होते. साइड-ऱ्हिदमवाल्याने चौचौ बाथ घेतला. एका बाजूला तिखट उपमा, दुसऱ्या बाजूला गोड शिरा, दोघांची एकच ताटली, नांदणाऱ्या जोडप्यासारखी. 

मग कॉफी. इथे ‘बायटू’ मागतात, म्हणजे एका कॉफीचे दोन भाग. आमच्यासारख्या संचासाठीच ही सोय कोणीतरी करून ठेवलेली असावी. दौराभर मी बायटूच मागवत आलो होतो, सहा जणांत तीन. सवयीने तीन बोटं वर केली. मास्तर कधी नव्हे ते पुढे झाले. “मला अख्खी,” त्यांनी सांगितलं. मी काही बोललो नाही.

रात्री यशवंतपूरच्या फलाटावर गाडीची वाट पाहत वही पुरी केली. पलीकडे मालाच्या बाजूला कुठेतरी कांदा होताच. मानधनाच्या रकान्यात ‘बघू’ असं लिहिलं, कारण दुसरं काही मिळालेलं नव्हतं. पेटीचे चार हजार एकाच ओळीत घालायला हिशेबनिसाचं मन घेईना, म्हणून फोड केली : तेवीसशे पेटीचे. सातशे ‘जर्मन’ या शब्दाचे. एक हजार, मास्तर फार छान वाजवतात याबद्दल.

चाळीस वर्षांत मास्तरांच्या वाजवण्याची कोणी आकड्यात किंमत केलेली ही पहिलीच नोंद. ती खर्चाच्या बाजूला आली, हा आमचा धंदा. खाली अख्ख्या कॉफीचे पैसे लिहिले आणि त्यापुढे शेरा मारला : ‘रास्त.’