काडीचं गुल, पेटीची कड

कुकरच्या शिट्ट्या मोजणारं यंत्र गेली अकरा वर्षं माझ्या डोक्यात तयार आहे. तीन शिट्ट्या झाल्या की गजर वाजणार, एवढंच त्याचं काम. ‘तीन झाल्या की चार?’ या प्रश्नापायी आमच्याकडे वरणाची डाळ कधी टणक राहिली, कधी तिचं पिठलं झालं.

परवा धीर करून मोरिवलीच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याकडे गेलो. त्याने मशीन बंद केलं, फडक्याला हात पुसले.

“ड्रॉइंग आणलंय?”

डायरीचं मागचं पान दाखवलं. त्यावर कुकर होता. हत्ती वाटला असता तर दोष त्याचा नव्हता.

“मापं?”

“ती तुम्हीच ठरवा.”

“किती नग?”

“सध्या एक.”

“काका, चहा घेता का?” तो म्हणाला. नकार इतका गोड असतो हे मला ठाऊक नव्हतं.

परतताना रिक्षा विम्को नाक्यावरून गेली. अंबरनाथमध्ये विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना होता. जहाजाचं चित्र असलेली ती पेटी एके काळी घरोघरी देव्हाऱ्यातही असे आणि चुलीपाशीही. कंपनी १९२३ मध्ये निघाली ती स्वीडिश मालकांची, आणि स्वीडनच्या आगपेटीची गोष्ट माझ्यासारख्यांनी उशाशी ठेवावी अशी आहे.

घासून पेटणारी काडी १८२७ मध्ये विकायला काढली इंग्लंडच्या जॉन वॉकरने. हा औषधविक्या. त्याने पेटंट घेतलंच नाही. दुसऱ्यांनी नक्कल करून माल खपवला. पुढे काड्यांच्या गुलात पांढरा फॉस्फरस आला. तो कुठेही घासला तरी पेटायचा, खिशातसुद्धा, आणि कारखान्यातल्या कामगारांचा जबडा सडवायचा. १८४४ मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ पाश या प्राध्यापकाने त्यावर तोड काढली: फॉस्फरस काडीवर ठेवायचाच नाही, पेटीच्या कडेला लावायचा, तोही तांबडा. अर्धी आग काडीवर, अर्धी कडेवर. पेटंट पाशचं होतं, पण माल महाग पडला आणि धंदा काही चालेना. ती काडी नीट जमवली यॉनशॉपिंगच्या लुंडस्ट्रोम बंधूंनी. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ती गाजली ती त्यांच्या नावावर. पुढे त्या गावातल्या धंद्याची मोठी कंपनी झाली आणि तिचा हात थेट आपल्या अंबरनाथपर्यंत पोचला.

पाशबद्दल मला फार आपुलकी वाटते. (त्याच्याकडे निदान मापं होती.)

काल फुटपट्टी लावून मापं काढली आणि पुन्हा मोरिवलीला गेलो. लेथवाल्याने कागद उलटसुलट केला.

“शिट्टी वाफेनं कळायची, की आवाजानं?”

मी गप्प. अकरा वर्षांत हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

“आवाजानं मोजलीत,” तो म्हणाला, “तर शेजारच्यांचा कुकरही तुमच्यात मोजला जाईल.” मग कानामागची पेन्सिल काढून त्याने माझ्या हत्तीच्या सोंडेवर एक छोटी पट्टी काढली, वाफेने उचलली जाणारी. “उद्या भंगारातून तुकडा शोधतो. झाला तर झाला.”

घरी आलो तर कुकर गॅसवर. एक शिट्टी झाली.

“कितवी ही?” आतून आवाज आला.

“तिसरी,” मी म्हणालो. चौथी असावी.