वाळवण, मुक्काम नाक्सोस

ऑगस्टमध्ये आमच्या घरात काहीही वाळत नाही, हे आधी सांगायला हवं. आमचं गाव राजापूर तालुक्यात. तिथं पावसाळ्यात टॉवेल आंघोळीच्या आधीच ओला असतो. मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, काडेपेटी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवावी लागते, आणि कोनाड्यातल्या चपलांवर बुरशीची लव चढते. चुलीच्या वर दोरी बांधून कपडे टाकते, ते वाळतात, पण धूर पिऊन. ह्यांच्या बनियनला श्रावणात जो वास येतो तो लग्नापासून बदललेला नाही.

म्हणून जे काय वाळवायचं ते एप्रिल-मेमध्ये. आगोटीची तयारी म्हणजे आंब्याची साठं, फणसाची साठं, आमसुलं, कुरडया, सांडगे, कुळीथ, लाकडं, शेणी, सगळं एकाच अंगणात आणि एकाच उन्हात. मृगाचा ढग दिसला की जी धावाधाव होते तिच्यात सासूबाई, गुरं आणि पापड यांपैकी आधी कोणाला आत घ्यायचं याचा निर्णय मी बरेचदा पापडांच्या बाजूनं दिला आहे. इतक्या वर्षांत नजरच तशी झाली. ऊन दिसलं की इथं काय पसरता येईल, हेच पहिलं मनात येतं. लेकीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना कार्यालयाच्या गच्चीकडे बघून मी विहिणीला म्हणाले होते, "एवढ्यात चार किलो चिकवड्या झाल्या असत्या." त्या अजून जपून बोलतात माझ्याशी.

त्या वर्षी श्रावण अधिक आला. धोंड्याचा महिना, जावयाला वाण द्यायचं, तेहतीस अनारसे. लेक-जावई आइंडहोवनला. तिथवर अनारसे पाठवायचे कसे, म्हणून फोन केला तर जावईबापू म्हणाले, "आई, अनारसे घेऊन तुम्ही दोघंच या. इथून ग्रीसच्या एका बेटावर जाऊ. नुसता आराम." अधिकात जावयाला द्यायचं असतं, त्याच्याकडून घ्यायचं नसतं, हे मी स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही अनारसे द्या, हिशेब मिटला." लावणी उरकली होती, अधिकामुळे गणपती सप्टेंबरात लांबले होते, गुरांचं दिरांनी कबूल केलं. मला नाही म्हणायला जागाच उरली नाही.

अथेन्समध्ये आम्ही ॲक्रोपोलिस पाहिलं. तिथं सावली नाही. नंतर पिरेअस बंदरावरून मोठ्या बोटीनं पाच-एक तास, आणि नाक्सोस.

बंदरात शिरतानाच एका छोट्या टेकाडावर संगमरवराची प्रचंड चौकट उभी दिसते. दार नाही, भिंती नाहीत, मागं देऊळही नाही. इसवीसनपूर्व सहाव्या शतकात अपोलोचं देऊळ बांधायला घेतलं आणि ते अर्धवटच राहिलं. राहिली ही चौकट, सहा मीटर उंच. याच बेटावर थीसियसनं अरियाद्नीला झोपेत सोडून बोट हाकारली, अशी पुराणकथा आहे. जिच्या मदतीनं चक्रव्यूहातून जिवंत सुटला, तिलाच. जावईबापू मोठ्या रसाळपणे सांगत होते. मी त्यांच्याकडे जरा टक लावून पाहिलं, तेव्हा त्यांनी घाईघाईनं पुढचं सांगितलं, की नंतर डायोनिसस देवानं तिच्याशी लग्न केलं, सगळं चांगलं झालं.

घर जुन्या गावात होतं, 1207 साली व्हेनिसहून आलेल्या मार्को सानुदोनं वसवलेल्या किल्ल्याच्या खालच्या अंगाला. खाली घरमालकीण राहायची, सत्तरीपुढची, काळ्या कपड्यांतली. वर आम्ही. आणि आमच्याही वर गच्ची.

त्या गच्चीबद्दल मला शांतपणे लिहिता येत नाही. सपाट, चुन्यानं पांढरी केलेली, आजूबाजूला झाड नाही, कावळा नाही, आणि डोक्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस न देणारं आकाश. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, इथं चारशेच्या आसपास, तोही हिवाळ्यात. रात्री धुतलेली साडी दोरीवर टाकून खाली चहा प्यायला गेले, परत आले तर वाळली होती. मी ती नाकाला लावून उभी राहिले. कशाचाही वास नव्हता. गावात जिकडे बघावं तिकडे असल्याच गच्च्या, शेकड्यांनी, रिकाम्या! त्यांच्यावर प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठेवून माणसं संध्याकाळी सूर्यास्त बघतात.

दुसऱ्या दिवशी समुद्रावर नेलं. पाणी निळं होतं, वाळू बारीक होती. भाड्याच्या आरामखुर्चीवर ह्यांनी टोपी तोंडावर घेतली आणि क्षणात घोरायला लागले. पडवीतल्या आरामखुर्चीत यांची तालीम आयुष्यभर झालेली आहे. मी उताणी पडून पाहिलं. कुशीवर पडून पाहिलं. मग उठून चौघांचे टॉवेल झटकले, घड्या घातल्या, शेजारच्या जोडप्याच्या टॉवेललाही हात घालणार तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, तुला आराम करताच येत नाही."

इथं मात्र माझं डोकं फिरलं. मे महिन्यात आमच्याकडे मुंबई-पुण्याची माणसं उतरतात. पडवीत बसून आयता चहा पितात आणि म्हणतात, "काय निवांत आयुष्य आहे हो तुमचं." मी तेव्हा पहाटे चारला उठून शंभर आंब्यांचा रस आटवलेला असतो. निवांत! आणि आता माझीच पोटची मुलगी, परदेशात नेऊन, पैसे भरून, मला सांगणार की मला आराम येत नाही. मी खुर्चीवर परत पडले आणि रागारागानं आराम केला.

परतताना बंदरावरच्या एका खानावळीसमोर दोरीवर ऑक्टोपस वाळत टाकलेले दिसले. श्रावण असल्यामुळे खाण्याच्या नजरेनं पाहिलं नाही, पण अंतर राखून, एकावर एक न येऊ देता टाकले होते. हात बसलेल्या माणसाचं काम होतं. तिथंच माझं ठरलं.

नाक्सोसचे बटाटे साऱ्या ग्रीसमध्ये नावाजलेले आहेत. आसपासची बेटं उजाड, पण इथं हजार मीटर उंचीचा झास डोंगर ढग अडवतो, म्हणून पाणी आहे, शेती आहे, आणि म्हणून बटाटा आहे. सोमवारच्या उपासाला आणला होता. पिवळसर, चिवट, पाणचट अजिबात नाही. असला बटाटा आणि असली गच्ची एकाच गावात असताना त्याचा वाळवणाचा कीस न करणं मला पाप वाटलं.

मंडळी गाव बघायला गेली. मी पाय दुखतात म्हणाले. पाच किलो बटाटे अर्धेकच्चे उकडले आणि गरम असतानाच सोलले, बोटं भाजत. स्वयंपाकघरात चीज किसायची किसणी होती. प्लॅस्टिकचा कागद नव्हता, म्हणून पलंगावरच्या दोन पांढऱ्या चादरी. हा कीस ताटात किसून मग पसरायचा नसतो, गोळे होतात. किसणी थेट चादरीवर आडवी धरायची आणि हात सतत फिरता ठेवायचा, म्हणजे एकेक काडी सुटी पडते. मी गच्चीभर वाकून किसत गेले. अकरापर्यंत दोन चादरी भरल्या. कोपऱ्यांवर ह्यांचे बूट, जावईबापूंच्या कॅमेऱ्याची तिकाटणी आणि उन्हाला लावायच्या मलमाची मोठी बाटली ठेवली. दोनपर्यंत काड्या कडक व्हायला लागल्या, हात फिरवला की सळसळ. आमच्याकडे मे महिन्यात याला दोन दिवस लागतात. मी कठड्याच्या सावलीत बसले, आणि त्या सहलीत पहिल्यांदाच माझा डोळा लागला.

वारा आला तो उत्तरेकडून. सूचना नाही, ढग नाही, काही नाही. आमच्या पावसाला निदान गडगडून सांगायची रीत आहे. डोळे उघडले तेव्हा एक चादर शिडासारखी फुगून उभी होती आणि ह्यांचा डावा बूट गच्चीवर नव्हता. मी दुसऱ्या चादरीवर अंग टाकलं. मी आडवी वाचले, चादरही वाचली, पण कीस माझ्या चारी बाजूंनी उठला आणि गावावर गेला.

खाली गल्लीत खानावळ होती. तिथं माणसं जेवत होती. वरून पाच किलोंतला निम्माशिम्मा कीस हलकेच खाली येत होता, त्यांच्या केसांत, कॉफीत, मुलांच्या आइस्क्रीमवर. ग्रीक लग्नात नवरा-नवरीवर तांदूळ टाकतात. प्रवाशांना वाटलं, असलंच काही शुभ चाललंय. काही जणांनी टाळ्या वाजवल्या, बरेच जण मोबाइल वर धरून चित्रण करत होते. उडालेली चादर समोरच्या बोगनवेलीत जाऊन अडकली. बूट मांजरांना सापडला. आणि या सगळ्यात नेमकी आमची मंडळी कोपऱ्यावरून वळली. ह्यांनी खांद्यावर पडलेली एक काडी उचलली, तोंडात टाकली आणि वर न बघताच म्हणाले, "मीठ कमी आहे."

जावईबापूंनी रागावायचं सोडून मला वाऱ्याची माहिती दिली. याला मेल्तेमी म्हणतात. उन्हाळ्यात सुटतो, दुपारनंतर चढतो, थेट ॲरिस्टॉटलनंसुद्धा या वाऱ्यांवर लिहून ठेवलंय. "आज सात बोफर्ट आहे," असंही ते म्हणाले. मला राजीव गांधींच्या वेळचं बोफोर्स तेवढं माहीत, तेही शेवटपर्यंत समजलं नव्हतं. मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं: बाल्कनच्या बाजूला हवेचा दाब जास्त, तुर्कस्तानावर कमी, म्हणून मधल्या एजियन समुद्रावरून वारा खाली धावतो. आणि तुर्कस्तानावरचा तो कमी दाब म्हणजे आपल्याकडे मान्सून ओढणाऱ्या पट्ट्याचंच पश्चिमेकडचं टोक.

मी तो कागद दोनदा बघितला. म्हणजे जो पाऊस तिकडे माझे पापड भिजवतो, त्याच्याच नातेवाइकानं इकडे माझा कीस उडवला. चूक माझी नव्हती, हे मी तेव्हाही सांगत होते. आता त्याला शास्त्राचा आधार मिळाला.

घरमालकीण वर आली ती हातात झाडू घेऊनच. मला वाटलं, आता चादरींचा हिशेब. तिनं उरलेल्या किसातली एक काडी उचलली, मोडून पाहिली, उन्हाकडे धरली. मग खाली जाऊन एक जाळी आणि ओंजळभर गोल दगड घेऊन आली. तिच्या मागच्या कोपऱ्यात असल्याच जाळीखाली अंजिरं वाळत होती. ती मला इतके दिवस दिसली कशी नाहीत? तिनं माझ्या चादरीवर जाळी घातली आणि हातभर अंतरानं दगड ठेवत गेली, मी दुसऱ्या बाजूनं. तिच्या बोटांच्या पेरांना चुन्यानं पडलेल्या भेगा होत्या. चार दिवस तिला दारात बसलेली बघून मी मनात म्हणत होते, किती निवांत बाई आहे.

मग लेकीनं मोबाइल मधे धरला. म्हातारी बोलायची, मोबाइल लिहायचा, लेक वाचायची. मुलं अथेन्सला असतात. पंधरा ऑगस्टला मरियमच्या सणाला येतात, फिलोतीला मोठी जत्रा असते. गाव भरतं, गच्चीवर गाद्या घालाव्या लागतात. गणपतीचे चाकरमानी, मी म्हटलं. लेक पुढचं वाचत होती: "आठ दिवसांनी जातात. मग बोटही रिकामी जाते आणि..." तिथं ती थांबली. "नेट गेलं," म्हणाली. नेट गेलं नव्हतं, मला पडदा दिसत होता. मी तिच्या केसांतल्या बटाट्याच्या काड्या काढत बसले, आणि तिनंही काढू दिल्या.

वाचलेला कीस संध्याकाळी खाली तळायला नेला आणि तिथं भांडण झालं. तिनं कढईत ऑलिव्हचं तेल ओतलं. मी हातानंच नको म्हटलं. तिनं तेलाची बरणी माझ्या नाकाशी आणली. तिच्या झाडांचं होतं म्हणे. मी म्हटलं, वास घ्यायला ठीक आहे, पण उपासाचा कीस शेंगदाण्याच्या तेलातच तळायचा. मोबाइलनं याचं काय भाषांतर केलं कोण जाणे, ती खो खो हसली आणि तिच्याच तेलात तळला. वर मी मीठ, तिखट आणि सकाळी भाजून कुटलेल्या दाण्यांचं कूट घातलं. तिनं माझ्या देखत त्यावर ओरेगानो चुरडला. जावईबापूंनी तीनदा घेतला. मी तोंड वाकडं करून दोनदा. अनारसा मात्र तिनं दाताखाली घेऊन बराच वेळ विचार केला आणि उरलेला रुमालात बांधून ठेवला, मुलांना दाखवायला असणार.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. पैसे भरून ठरवलेली बोटीची सफर होती, शेजारच्या बेटांच्या गुहा दाखवणारी. सकाळी सातला दार वाजलं. म्हातारी दहा किलो बटाट्यांचं पोतं, जाळीची मोठी गुंडाळी आणि दोन किसण्या घेऊन उभी होती. पंधरा ऑगस्ट तोंडावर आलेला, घरी नऊ माणसं यायची होती. बाकीचे बोटीनं गेले. समुद्र फार सुंदर होता, असं तिघंही सांगतात.