आठशेचा गुन्हा

सिबिल स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. आमगावच्या एखाद्या धान व्यापाऱ्याने ८०० गाठले, एकही हप्ता चुकवला नाही, तरी कारकर्जाला बँकेकडून ‘अंतर्गत धोरणात बसत नाही’ हे उत्तर मिळावे, यात केवढी दूरदृष्टी! वेळेवर फेडणारा माणूस संशयास्पदच. पुढच्या वेळी त्याच्याकडून थकबाकीचा दाखलाच मागावा.

शिवाय प्रत्येक अर्जाच्या चौकशीने स्कोअर थोडा उतरू शकतो. म्हणजे दारोदार फिरला, की माणूस हळूहळू नकाराच्या लायकीचा होतो.

उलट, किंगफिशर एअरलाइन्सकडे १७ बँकांचे सुमारे ९,००० कोटी थकले. मार्च २०१६ मध्ये तिचे मालक विजय मल्ल्या लंडनला निघाले, तेही कारकर्जाशिवाय.

आमगावकराने स्टेशनवर जाऊन गोंदियाची गाडी पकडावी. तिकिटाला सिबिल लागत नाही.