दाजींना गाडी घ्यायचीय

दाजींना गाडी घ्यायची आहे. कधीपासून, ते विचारू नका. तुमच्या ओळखीतल्या दाजींना जेव्हापासून घ्यायची आहे, तेव्हापासूनच.

आमचे दाजी तसे कुणाचेच दाजी नाहीत. सिडकोतल्या आमच्या गल्लीत ताईंना सगळे ताई म्हणतात, म्हणून हे दाजी. वाळूजला त्यांचं वर्कशॉप आहे, बीड बायपासला प्लॉट आहे आणि साडेतीन वर्षांची चिंगी आहे. पैशाचं अडलेलं नाही. अडलंय ते आवाजाचं.

दाजी गाडी बघत नाहीत, ऐकतात. शोरूममध्ये शिरलेला माणूस आधी किंमत विचारतो, मग ॲव्हरेज विचारतो, मग डिस्काउंट. दाजी सरळ मागच्या डाव्या दाराशी जातात, कारण चिंगी तिथे बसणार. दार पूर्ण उघडतात, डोळे मिटतात, हाताने 'गप्प' अशी खूण करतात आणि दार लोटतात. त्यांच्या शास्त्रात स्वर तीनच. 'ठण्ण' म्हणजे नुसता पत्रा. 'ठप' म्हणजे बरी आहे, साडूने घ्यायला हरकत नाही. आणि 'धप्प' म्हणजे पोरगी सुरक्षित. सगळी मोटारविद्या या एका 'धप्प'मध्ये आली, असं दाजींचं ठाम मत आहे. तो ऐकू आला की त्यांचा चेहरा असा खुलतो की सेल्समन लगेच बुकिंगचा फॉर्म काढायला धावतो. नवीन सेल्समनच धावतो. जुने चहा सांगतात.

हे कान गाडीपुरते असते तरी चाललं असतं. पण दाजींनी घरचा फ्रिज 'धप्प'वर घेतला. चिंगीला प्ले-ग्रुपला घालताना ताई फी आणि बाईंचा स्वभाव विचारत होत्या, तोवर दाजी वर्गाचं दार तीनदा लावून मोकळे झाले होते. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तिथे पाणी मागायच्या निमित्ताने आत जाऊन लोखंडी कपाट लावून आले. परतताना जीपमध्ये निकाल दिला, ''पाहुणे भक्कम आहेत.'' लग्न झालं, संसार बरा चाललाय, त्यामुळे आता कुणाला बोलताही येत नाही. कहर झाला तो गल्लीतले आजोबा गेले तेव्हा. सगळे मान खाली घालून उभे, स्वर्गरथाचं मागचं दार लागलं, आणि माझ्या कानाशी दाजी हळूच म्हणाले, ''ठण्ण.''

आता एवढ्या कानसेनाची स्वतःची गाडी कशी असावी? एक जुनी हॅचबॅक आहे. तिचं दार आधी जरा उचलावं लागतं, मग आपटावं लागतं, आणि तरी पहिल्यांदा लागत नाही. त्या आवाजाला दाजींच्या शास्त्रात नाव नाही.

बरं, माणूस राहतो ते गावही असं की गाडीचं वेड लागायला बाहेर जावं लागू नये. ऑक्टोबर 2010 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतल्या उद्योजक, डॉक्टर, व्यापारी मंडळींनी मोट बांधून एका झटक्यात 150 मर्सिडीज घेतल्या. सुमारे 65 कोटींचा सौदा, कर्ज स्टेट बँकेचं, बातमी जगभर. मराठवाडा म्हणजे दुष्काळ, एवढंच ठाऊक असलेली मंडळी चाट पडली. त्या वेळी दाजींचं लग्न झालेलं नव्हतं आणि वर्कशॉपात एकच मशीन होतं. पण आज विचाराल तर ते सांगतात, ''एकशे एकावन्नावी माझीच होती. दार ऐकायला गेलो, तोवर यादी बंद.''

मर्सिडीज म्हटली की मात्र ते नाक मुरडतात. ती चाकणला होते, म्हणजे पुण्याची. बीएमडब्ल्यू चेन्नईची, व्होल्वो बंगळुरूजवळ होसकोटेची. ''आणि ऑडी? आपल्या शेंद्र्याची!'' हे सांगताना दाजींची छाती अशी फुगते की जणू रात्रपाळीला ते स्वतः क्यू-फाइव्हचे नट आवळून आलेत. खोटं काहीच नाही. शेंद्र्याच्या स्कोडाच्या कारखान्यात ऑडी जोडल्या जातात, क्यू-फाइव्ह आणि क्यू-सेव्हनही तिथल्याच, आणि स्कोडाची सात सीटांची कोडियाकही. ''घरची गाडी सोडून परक्याची कामून घ्यायची?'' असं म्हणून त्यांनी ऑडी पक्की केली. पेढे वाटले नाहीत, पण ऑर्डर कुठे द्यायची ते ठरलं.

मग क्यू-फाइव्ह की क्यू-सेव्हन? क्यू-फाइव्ह पाच जणांची. दाजी, ताई, चिंगी, आजी, आजोबा, झाले पाच. ''आणि आत्या आली तर?'' म्हणून क्यू-सेव्हन. ती लांबीला पाच मीटरच्या वर आणि रुंदीला आरसे सोडून जवळजवळ दोन मीटर. दाजी टेप घेऊन मकाई गेटला गेले. मलिक अंबरने 1610 मध्ये हे गाव वसवायला घेतलं तेव्हा जर्मन गाड्यांचा विचार केला नव्हता, आणि त्याच्यामागून आलेल्यांनी दरवाजे बांधतानाही केला नाही. दाजी कमानीखाली टेप धरून उभे, मागे रिक्षांची रांग, भोंग्यांचा कल्लोळ. एक रिक्षावाला ओरडला, ''ओ भाई, दरवाजा खरीद रहे क्या?'' दाजींनी गंभीरपणे सांगितलं, ''नहीं, इसका आवाज नहीं आता.''

क्यू-सेव्हन बाद झाली. मग रंगावर दोन महिने गेले. ताईंना काळी हवी होती. दाजी म्हणाले, ''जायकवाडी उशाला आणि नळाला पाणी इतक्या दिवसांनी. काळी गाडी धुणार कशाने?'' पांढरी ठरली. पांढरी म्हटल्यावर टोयोटाची फॉर्च्युनर आठवली, कारण पांढरी फॉर्च्युनर जालना रोडवरून निघाली की लोक आपोआप बाजूला होतात. आत आमदार नसला तरी होतात. तेवढ्यात जुलै 2024 मध्ये टोयोटाने बिडकीनच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला. दाजी हरखले. ''बघा, घाई केली असती तर फसलो असतो. आता टोयोटाबी घरचीच होऊ लागलीय. येऊ द्या की बिडकीनची!'' कारखान्याला वर्षं लागतील, असं कुणीतरी म्हणालं. ''चिंगी कुठं म्हातारी होऊ लागलीय?'' हे उत्तर तयारच होतं.

न घेण्यात केवढा फायदा आहे, हे तर जीएसटीने सिद्धच केलं. 22 सप्टेंबर 2025 पर्यंत मोठ्या एसयूव्हीवर 28 टक्के जीएसटी आणि वर 22 टक्के सेस, असा एकूण पन्नास टक्के कर होता. तो चाळीसवर आला. त्या सकाळी दाजी अंगणात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की आपण काही लाख कमावले. ज्यांनी ऑगस्टमध्ये गाडी घेतली होती त्या समोरच्या डॉक्टरांना तर घरी जाऊन सांगून आले. निघताना डॉक्टरांच्या नव्या गाडीचं दार लावून बघितलं. ''ठप'' म्हणाले. डॉक्टर आता दाजी दिसले की गाडी गॅरेजमध्ये घालतात.

मोंढा नाक्याजवळच्या आमच्या मेकॅनिक चाचांनी एकदा त्यांना विचारलं होतं, ''दाजी, दरवाजा कायकू ठोक रहे? इंजिन तो देखो.'' दाजी म्हणाले, ''इंजिन तुम देखो, चाचा. मेरेकू बच्ची बिठाना है.''

मी एकदा समजावायला गेलो. म्हटलं, दाजी, तो आवाज कंपन्या मुद्दाम घडवतात. रबराची जाड पट्टी, दारात आतून चिकटवलेला आवाज दाबणारा थर, लॉकची ठेवण, झालं तुमचं 'धप्प'. गाडी किती सुरक्षित ते दार लावून कळत नाही, ती आदळवून कळतं. ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडे भारत एनकॅपची चाचणी आहे. त्यात ताशी 64 किलोमीटरने गाडी समोरून अडथळ्यावर घालतात. मागे दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे असतात, तेही त्यांच्या त्यांच्या चाइल्ड सीटमध्ये पट्ट्याने बांधलेले. मोठ्यांच्या सुरक्षिततेला 32 गुण, मुलांच्या सुरक्षिततेला 49. दाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ''त्यातले दाराला किती?''

पण त्यांना काही माहीत नाही असं समजू नका. माहिती त्यांच्याकडे माझ्याहून जास्त आहे. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा सीटबेल्ट व्होल्वोच्या नील्स बोहलिन नावाच्या इंजिनिअरने 1959 मध्ये आणला आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांना खुलं केलं, हे मला दाजींनीच सांगितलं. टेस्ट ड्राइव्हला निघालो होतो तेव्हा. सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. ताई त्यांच्या शेजारी पुढच्या सीटवर होत्या आणि चिंगी ताईंच्या मांडीवर उभी राहून डॅशबोर्डवर दोन्ही हातांनी तबला वाजवत होती.

चिंगीला विचाराल तर तिची गाडी ठरलेली आहे. जिला वरून खिडकी आहे ती. जालना रोडला संध्याकाळी बघा, साठ-सत्तर लाखांच्या गाड्यांच्या छतातून पोरं कमरेपर्यंत बाहेर आलेली असतात. आत सहा-सात एअरबॅग, बाहेर पोरगं. बाप कौतुकाने आरशात बघत असतो. चिंगीने तसं एक पोरगं पाहिलं आणि हट्ट धरला. दाजींनी सेल्समनला विचारलं, ''सनरूफ आहे ना?'' आणि मग, सवयीने, ''त्याचा आवाज कसा येतो?''

त्या टेस्ट ड्राइव्हला दाजींनी गाडी पडेगाव, मिटमिटा ओलांडून थेट दौलताबादच्या घाटात घातली. सेल्समन वेळेवरून कुरकुर करत होता. किल्ल्यापुढच्या त्या अरुंद दरवाजाशी नेहमीप्रमाणे कोंडी झालेली. शेजारून एक ट्रक इतक्या जवळून घसटत गेला की मी आत सरकलो. दाजी हलले नाहीत. काच वर, एसी चालू. मग ते बोलू लागले, नेहमीचा आवाज सोडून.

त्यांचे वडील वाळूजला बजाजमध्ये कामगार. 1985 मध्ये कारखाना सुरू झाला, त्या सुरुवातीच्या भरतीतले. घरात चेतक. श्रावणातल्या सोमवारी वेरूळला निघायचं तर वडील चालवायला, मागे आई आडवी बसलेली, तिच्या कडेवर बहीण, आणि पुढे हँडलला धरून दाजी उभे. याच घाटात, पावसात, असाच एक ट्रक घसटून गेला. काही झालं नाही. वडिलांच्या कोपराचं सालटं निघालं, आईने पदर फाडून बांधला, दर्शन घेऊन सगळे परत आले. ''पण मी ट्रकच्या चाकाकडं बघालो होतो हो,'' दाजी म्हणाले. ''माझ्या तोंडाइतकं उंच होतं ते. मधी काहीच नव्हतं. तवापासून वाटतंय, मधी एक दार पाहिजे होतं.''

कोंडी सुटली. खाली उतरून शोरूमला आल्यावर त्यांनी मागचं डावं दार उघडलं आणि लोटलं. मीही ऐकलं. चांगला आवाज होता.

या माणसावर मी इतकी वर्षं वैतागलो आहे की त्याच्याबद्दल बरं लिहायला हात वळत नाही. पण लिहायला हवं, की दिखाव्यासाठी गाडी बघणाऱ्यांच्या या शहरात दाजी खरोखरच पोरीसाठी गाडी बघतायत. एकच गोष्ट त्यांच्या ध्यानात येत नाही. चेतकवर ते जसे पुढे उभे असायचे, तशीच चिंगी आज पुढे उभी असते. मधल्या काळात बापाकडे पैसा आला, गाडीला दार आलं, पोराची जागा हलली नाही. गाडी ताशी पन्नासने आदळली तर पंधरा किलोचं पोर आईच्या हातांना दोनशे किलोंच्या पुढे जड होतं. तेवढं कुठल्याच आईला धरवत नाही आणि तिथे दार कितीही 'धप्प' लागलेलं असलं तरी उपयोगाचं नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये आलेलं 194-ब कलम चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्टने किंवा चाइल्ड सीटने बांधलं नाही तर हजार रुपये दंड सांगतं. तो कुणी भरल्याचं आमच्या गल्लीत ऐकिवात नाही.

तेव्हा तुमच्या घरात, गल्लीत, नात्यात जो कुणी दाजी असेल, त्याला क्यू-फाइव्ह की एक्स-थ्री, पेट्रोल की डिझेल, दिवाळी की पाडवा यांतलं काही विचारू नका. एवढंच विचारा, मूल बसणार कुठे? उत्तर 'मांडीवर' आलं, तर गाडी आणखी दोन वर्षं ऐकत बसायला हरकत नाही. चाइल्ड सीट मात्र या आठवड्यात घ्या. ती मागच्या सीटवर नीट बसवा, मुलाला तिच्यात बांधा आणि रडलं तरी सोडू नका. ती आत्ता आहे त्या जुन्या गाडीतही बसते.